कुंभारीण

२०२१ च्या जुलैत अकोल्यात मोर्णा नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. रात्र आम्ही गच्चीवर काढली. सकाळी पाणी उतरलं तेव्हा ओसरीत, अंगणात, स्वयंपाकघरात बोट-दीड बोट गाळ बसलेला. जुन्या शहरात जो तो खराटा, फावडं, घमेलं घेऊन कामाला लागलेला. अशात पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई दोन रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा गाळ टाकणार आहात का? टाकणार असाल तर मी नेते."

पुरानंतर माणसं काय काय मागायला येतात. प्यायचं पाणी, काडेपेटी, मोबाइल चार्ज करायला जागा. गाळ मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि मी काही मातीला नवखा नव्हतो. माझी सगळी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. शेतकऱ्याने पिशवीत आणलेला नमुना सावलीत वाळवायचा, कुटायचा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचा, सामू बघायचा, क्षार बघायचे, कार्ड भरून द्यायचं. असे किती हजार नमुने हाताखालून गेले त्याचा हिशेब नाही. तपासून झालं की माती मागच्या ढिगावर.

"बाई, ह्यात गटाराचं पाणी आहे," मी म्हणालो.

"असू द्या. भाजल्यावर राहत नाही," म्हणाल्या आणि बादली भरू लागल्या.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. अंगणाच्या कोपऱ्यात राहिलेल्या गाळाचे पापुद्रे सुटले आणि एकेका पापुद्र्याच्या कडा भाजत्या पापडासारख्या वर वळल्या. याचं कारण मला पाठ होतं. साचलेल्या पाण्यात जाड कण आधी तळाला बसतात, बारीक कण मागाहून, सगळ्यांत वर. वाळताना वरची बारीक माती जास्त आकसते, खालची रेताड तितकी आकसत नाही, म्हणून कड वर ओढली जाते. राहिलेला गाळ न्यायला बाई आल्या तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उकिडव्या बसल्या आणि एक पापुद्रा तळहातावर घेऊन कितीतरी वेळ तो फिरवून पाहत राहिल्या.

दिवाळीत फराळाचं ताट द्यायला त्यांच्याकडे गेलो, तर फळीवर तसल्याच सात-आठ थाळ्या. कडा वर आलेल्या, कुठे जास्त, कुठे कमी. एकीला काठापासून आतपर्यंत चीर गेलेली आणि ती चीर तशीच ठेवलेली. मी थाळी हातात घेतली आणि माझंच अंगण ओळखलं. त्या रविवारपासून मी त्यांच्या वर्गाला जाऊ लागलो.

वर्ग म्हणजे घराची गच्ची. वर हिरवी जाळी, खाली तीन लांब फळ्या, भिंतीशी मातीच्या बादल्यांची रांग. शाळेतली पोरं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एक तरुण, दोन गृहिणी, आणि साठी उलटलेला मी. बाईंना सगळे बाईच म्हणतात. पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे पाहून विचारलं, "चाक कुठं आहे?"

"नाही ठेवलं."

"का बरं?"

"चाक आलं की सगळ्यांना मडकंच करावंसं वाटतं."

मग जे होतं ते हातानेच. गोळ्यात अंगठा खुपसून चिमटीने भिंत पातळ करत न्यायची, ही पहिली रीत. दुसरीत मातीच्या लांब वळ्या करून एकीवर एक चढवायच्या आणि सांधा बोटाने पुसून एकजीव करायचा. तिसरीत माती पोळीसारखी लाटून, कापून, तुकडे पातळ मातीच्या घोळाने जोडायचे. आमच्या नोकरीत चिमटीचं एक काम होतं. ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनी यांत दाबत त्याची पट्टी काढायची. दोन इंच गेली तरी तुटली नाही की समजायचं माती भारी चिकण. शेतात उभ्या उभ्या पोत ओळखायची ही जुनी रीत. त्यामुळे माझी बोटं चिमटीला सरावलेली होती खरी, पण ती दाबत सुटायची. कुठे थांबायचं ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. माझ्या पहिल्या वाटीची भिंत एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला वीट.

दुसऱ्या रविवारी मी शहाणपणा केला. एका मित्राच्या वावरातून पिशवीभर काळी माती घेऊन गेलो. वऱ्हाडच्या काळीचा मला अभिमान. निम्म्याहून जास्त चिकण कण, पट्टी काढाल तितकी लांब. बाईंनी माती बोटांत चोळून पाहिली, काही बोलल्या नाहीत. मी दिवसभर खपून एक देखणा वाडगा केला. पुढच्या रविवारी फळीवर त्याचे पाच तुकडे होते.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. काळी माती मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाची. त्याचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक, आणि पाणी त्या पानांच्या मध्ये शिरतं. भिजली की फुगते, वाळली की तितकीच आकसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ च्या घरात जातो तेव्हा वावरात हात जाईल अशा भेगा पडतात, त्या याच कारणाने. कापसाला ही भेगाळणारी माती मानवते, भांड्याला नाही. म्हणून कुंभार तळ्याचा किंवा नदीचा गाळ आणतो, त्यात राख, लीद, रेती मिसळून त्याचा ताठा कमी करतो. तीस वर्षं मी हे कार्डावर लिहून देत होतो.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, तडकणार म्हणून?" मी बाईंना विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही तर मातीतले माणूस," त्या म्हणाल्या. टोमणा होता की काय, मला अजून कळलेलं नाही. तुकडे त्यांनी बादलीत भिजायला टाकले.

या बाईंचा एक नियम मात्र मला सुरुवातीला फार जाचला. शिकणाऱ्याच्या भांड्याला त्या हात लावत नाहीत. भिंत कलंडत असते, सांधा सुटत असतो, आपण रडकुंडीला येतो, आणि त्या हात मागे बांधून उभ्या. फार तर म्हणतील, "थांबा. अर्धा तास काहीच करू नका." अर्ध्या तासात माती थोडी आवळते आणि मग भार पेलते. पण तो अर्धा तास बसून राहणं फार अवघड. माझ्या आजीचा स्वभाव असाच होता. बाळापूरकडच्या आमच्या घरी चुली तीच घालायची. वारुळाची माती, गव्हाचा भुसा, शेण. वारुळाची कारण वाळवीने ती कण कण वेचून, लाळेने सांधून रचलेली असते; एकसारखी, बिनखड्याची. नागपंचमीच्या आगेमागे मात्र वारुळाला हात नाही. मी मध्ये मध्ये लुडबुड केली की आजी म्हणायची, "कायची घाई हाये तुले? घाई केली का माती रुसते, बाप्पा." चुलीचे तिन्ही उंचवटे ती नजरेने सारखे करायची आणि वर ठेवलेलं पातेलं कधी डुगडुगलं नाही. तिला कोणी कलाकार म्हटलं असतं तर तिने पदर तोंडाला लावला असता.

बाईंच्या फळीवर पुस्तकं थोडी. निर्मला पटवर्धन यांचं कुंभारकामाचं इंग्रजी हँडबुक आहे, पानापानावर मातीचे ठसे उमटलेलं. जर्मनीत, इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या या कलावतीने ग्लेझची शेकडो मिश्रणं त्यात हातचं काही न राखता छापून ठेवली. आपल्याकडे उस्ताद मंडळी निम्मी विद्या मुठीत ठेवून जातात, त्या पार्श्वभूमीवर मला ही मोठी गोष्ट वाटते. भिंतीवर एक चित्र चिकटवलेलं आहे, नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेची मागची बाजू. तिच्यावर लाडी क्वाली नावाची कुंभार बाई, शेजारी तिचा घडा. या बाईने आयुष्यभर चाकाविना मोठमोठे घडे केले. आपल्याकडे कुंभार बसतो आणि चाक फिरतं. तिच्याकडे घडा एका जागी असायचा, त्याच्याभोवती ती स्वतः फिरायची. घड्यावर कोरलेले सरडे, विंचू, मगरी, मासे. नोटेवर कुंभारणीला जागा देणारा देश मला एकदम जवळचा वाटू लागला.

तसं पाहिलं तर आपला माठही पूर्ण चाकाचा नसतोच. चाकावरून उतरतो तेव्हा जाड आणि बसका असतो. मग आतून गोटा धरून बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत त्याचं पोट फुगवायचं. आणि मागे गेलं तर इनामगावच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या लोकांना चार पायांचा, पोट सुटलेला एक रांजण मिळाला होता, आत बसलेल्या माणसाचा सांगाडा. तीन हजार वर्षांपूर्वीचा. चाकाला काही पाय फुटत नाहीत. ते कोणीतरी हाताने वळून, घोळ लावून जोडले असणार, आणि जोडून झाल्यावर अर्धा तास थांबलाही असणार.

बाई निसर्गातून शिकवतात असं आमच्या वर्गाबद्दल लोक म्हणतात. म्हणजे काय, तर दर रविवारी येताना काहीतरी घेऊन यायचं. रुईचं फळ, बाभळीची शेंग, मोर्णेतला गोटा, पळसाचं पान. पान मातीत दाबायचं तर खालच्या बाजूने, कारण शिरा त्या बाजूला उठावदार असतात. हे मला साठी उलटल्यावर कळलं. एकदा त्यांनी कपाशीचं बोंड करायला सांगितलं. त्यांचं स्वतःचं एक बोंड फळीवर होतं, फुटून चार पाकळ्या झालेलं, मधे कापसाच्या जागी नुसती पोकळी. मी मुकाट्याने त्याकडे पाहत तसंच करायला घेतलं. त्यांनी ते उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

वर्गात एक मुलगी आहे, आठवीतली. तिची आई हंगामात वेचायला जाते, सुट्टीत तीही जाते. तिने बोंड केलं त्याच्या नख्या अशा लांब आणि टोकदार की बोंड कमी, काटेरी पंजा जास्त. माझ्यातला प्रयोगशाळेचा माणूस जागा झाला. म्हणालो, "बेटा, इतक्या लांब नसतात त्या."

तिने मान वर न करताच उत्तर दिलं, "येचताना असतात."

मी गप्प झालो. बाईंनी तिच्या बोंडाखालची फळी हळूच फिरवली, उजेड दुसऱ्या बाजूने यावा म्हणून. एवढंच.

एकदा मात्र मी त्यांच्या उपयोगी पडलो, ते सांगितलंच पाहिजे. भाजलेल्या भांड्यांवर पंधरा-वीस दिवसांनी पांढरे फोड येत आणि तेवढा टवका उडून जाई. बाई वैतागल्या होत्या. त्यांना वाटे, आच कमी पडते. मी मातीच्या ढेकळावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून दाखवला. फस्सकन फेस आला. चुनखडी. आपल्या भागातल्या मातीत तिचे बारीक खडे असतातच. भट्टीत त्या खड्याचा कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि वरची माती फोडून बाहेर येतो. उपाय सोपा, चाळणी बारीक घ्या. त्या दिवसापासून बाई मला "सर" म्हणू लागल्या. मला अवघडल्यासारखं झालं, पण नको म्हणालो नाही.

आता कुंभारणीकडे येतो.

गच्चीच्या दाराच्या चौकटीत सुपारीएवढं मातीचं गोल भांडं चिकटलेलं असायचं, गळा आवळलेलं, काठ बाहेर वळवलेलं. ते करणारी एक बारीक कमरेची गांधीलमाशी. आपल्याकडे तिला कुंभारीण म्हणतात. पुढच्या वर्षी श्रावणात ती पुन्हा आली. शेवटच्या सोमवारी वर्ग बंद होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडींनी सगळे रस्ते भरलेले, ढोलांनी भिंती हादरत होत्या. मी उगाच गच्चीवर जाऊन बसलो आणि तिचं काम पाहिलं. आधी पाणी पिऊन यायची. मग आमच्या मातीच्या बादलीच्या काठावर वाळलेला थर तोंडातल्या पाण्याने भिजवायची, त्याची मोहरीएवढी गोळी करायची आणि घेऊन उडायची. गोळी लावताना ती चेपत चेपत तिची पट्टी करायची, अर्धं वळण पुरेल एवढी. वळीवर वळी. आमचीच दुसरी रीत. तासाभरात मी अकरा फेऱ्या मोजल्या. ती जात होती फळीकडे, म्हणून उठून पाहिलं. माझ्याच न भाजलेल्या घड्याच्या खांद्यावर, गळ्याच्या जरा खाली, तिचं बांधकाम चाललं होतं.

लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, ही माशी अळीला धरून मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते, आणि भीतीने म्हणा, ध्यासाने म्हणा, तिचंच चिंतन करता करता अळीची माशी होते. गुरूने शिष्याला आपल्यासारखं करून सोडावं ते असं. भ्रमरकीटन्याय. आजोबांना हा दृष्टांत फार प्रिय होता. शिकवणीच्या मास्तरांनी छडी मारली की ते तो हमखास काढत. फ्रान्सच्या फाब्र नावाच्या निरीक्षकाने एकोणिसाव्या शतकात अशी भांडी अलगद उघडून पाहिली, तेव्हा वेगळंच दिसलं. अंडं घुमटाच्या छताला एका बारीक धाग्याने टांगलेलं असतं. खाली दंश करून बधिर केलेल्या अळ्या. त्या वळवळल्या तरी अंडं चिरडू नये म्हणून ते अधांतरी. पिल्लू बाहेर येतं आणि त्या अळ्या खाऊन वाढतं. कुंभारीण तोवर तोंड लिंपून निघून गेलेली असते. पिल्लू तिने पाहिलेलं नसतं, पिल्लाने तिला.

हे मी बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं, आजोबांच्या दृष्टांतासकट. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे ती अळी शिष्य नाही. डबा आहे डबा."

मी इतका हसलो की जिन्यावरून त्यांची सून वर आली.

पण नंतर बरेच दिवस ते डोक्यात राहिलं. मला शिकवणारे सगळे गुणगुणणारेच भेटले होते. मीही हाताखालच्या पोरांपाशी तेच केलं. पिपेट अशी धर, आकडा असा लिही, चारचा आकडा उघडा काढू नको. ती पोरं हुबेहूब माझ्यासारखी कार्डं भरू लागली तेव्हा मला केवढं समाधान वाटलं होतं. त्यांतल्या एकाची सही तर थेट माझ्या सहीसारखी यायची.

घड्याचं काय करायचं हा प्रश्न होताच. गणपतीनंतर भाजणी ठरली होती. बाईंनी घडा उचलून वरच्या फळीवर, सावलीत ठेवला. "तिचं झालं की आपलं." भाजणी पुढे गेली. भुलाबाई बसल्या, पोरींची गाणी सुरू झाली, कोजागिरीला उठल्या. मध्येच केव्हातरी त्या सुपारीएवढ्या भांड्याच्या कुशीला गोल भोक पडलेलं दिसलं. आतलं कोणी निघून गेलं होतं. त्याआधीचे कित्येक दिवस सकाळी गच्चीवर चढताच आधी तिकडे पाहायचं, अशी मला सवय लागली होती. जाताना मात्र ते मला दिसलं नाही.

कार्तिकात शहराबाहेर एका वावरात आवा लावला. खाली पऱ्हाटी, वर गोवऱ्या, मधे भांडी, सगळ्यावर फुटकी खापरं आणि मातीचा लेप. पहिले तीन-चार तास आच अगदी मंद. मातीतलं उरलेलं पाणी वाफ होऊन निघत असतं. धुराच्या तोंडाशी काच धरली की तिच्यावर दव धरतं, आणि दव धरणं थांबेपर्यंत जाळ वाढवायचा नाही. एरवी कधीच न बोलणारा मोबाइल दुरुस्तीवाला दर दहा मिनिटांनी काच धरायला जायचा आणि ओरडून सांगायचा, "अजून ओली हाये!" रात्रभर आवा धुमसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लावण्याजोगा झाल्यावर बाईंनी एकेक भांडं काढून गोणपाटावर मांडलं. आठवीतल्या पोरीचं बोंड निघालं, नख्या शाबूत, एक बाजू धुराने काळी झालेली. तिने ते ओढणीत गुंडाळलं आणि कोणाला बघू दिलं नाही.

माझा घडा शेवटी निघाला. गळ्याखाली केसभर चीर, वळ्यांच्या सांध्यातून गेलेली. तिथे मी घाई केली होती, कोणत्या रविवारी तेही आठवलं. चीर कुंभारणीच्या भांड्यापर्यंत आली होती आणि त्याला वळसा घालून पुढे गेली होती. बाईंनी बोटाच्या पेराने घड्याला टिचकी मारली. बद्द आवाज आला. मग करंगळीच्या नखाने त्या चिमुकल्या भांड्याला. टिण्ण.

"माती कोणती असेल हो तिची?" मागून कोणीतरी विचारलं.

मला ठाऊक होतं. आमच्याच बादलीच्या काठावरची होती.